दया नव्हे, निकाल : गव्हर्नर ऑल्टगेल्ड आणि हेमार्केटचे तीन कैदी

जून १८९३. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड. नव्या गव्हर्नरच्या टेबलावर तीन कैद्यांसाठी केलेला दयेचा अर्ज पडून आहे. सॅम्युअल फील्डन आणि मायकेल श्वाब यांना जन्मठेप, ऑस्कर नीबला पंधरा वर्षे. तिघेही १८८६ च्या शिकागोतल्या हेमार्केट बॉम्बस्फोटाच्या खटल्यात दोषी ठरलेले, आणि जोलिएटच्या तुरुंगात. अर्जावर साठ हजारांच्या आसपास सह्या, आणि त्या नुसत्या कामगारांच्या नाहीत. शिकागोतले बँकवाले, व्यापारी, नावाजलेले वकील, असे लोकही त्यात आहेत. सगळ्यांचे म्हणणे साधारण एकच : चौघांना फाशी झाली, एकाने कोठडीत जीव दिला, उरलेल्या तिघांनी भोगले ते पुष्कळ झाले. आता सोडा.

गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड याने या अर्जावर चार ओळींचा शेरा मारून सही केली असती, तर थोडी कुरकुर झाली असती आणि महिन्याभरात लोक विसरले असते. शिकागोत तेव्हा जागतिक प्रदर्शन भरले होते, बाजारात मंदीचा तडाखा बसत होता. लोकांना दुसरे विषय होते. ऑल्टगेल्डने तिघांना सोडले खरे, पण सोबत सतरा-अठरा हजार शब्दांचे कारणपत्र जोडले. त्यात त्याने म्हटले की मुळात खटलाच न्यायाने चालला नव्हता.

कैद्यांच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच : दरवाजा उघडला. गव्हर्नरच्या दृष्टीने मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर होते. या प्रकरणात मला रस आहे तो या अंतरात.

त्या रात्री काय झाले

१ मे १८८६ पासून आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकाभर संप सुरू झाले होते. आपल्याकडे १ मेला महाराष्ट्र दिनाच्या जोडीने जो कामगार दिन येतो, त्याचे मूळ या आंदोलनात आहे. ३ मे रोजी शिकागोतल्या मॅक्कॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्याच्या निषेधाची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ भरली. खुद्द महापौर कार्टर हॅरिसन सभेला जाऊन उभा राहिला. भाषणे ऐकली, काही गडबड नाही असे त्याला वाटले, आणि जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन त्याने इन्स्पेक्टर जॉन बॉनफिल्डला तसे सांगितलेही. मग तो घरी गेला.

आभाळ भरून आले होते, गर्दी पांगत होती, शेवटचा वक्ता फील्डन भाषण आवरत होता. तेवढ्यात बॉनफिल्डने १७६ पोलिस घेऊन सभेवर चाल केली. पांगण्याचा हुकूम दिला गेला. फील्डन म्हणाला, आम्ही शांततेनेच जमलो आहोत. त्याच क्षणी कुणीतरी बॉम्ब टाकला. मॅथायस डेगन हा पोलिस जागच्या जागी गेला. त्यानंतर अंधारात पोलिसांनी बेछूट गोळीबार केला. पुढच्या काही आठवड्यांत धरून सात पोलिस दगावले, गर्दीतलेही काही मेले.

बॉम्ब कुणी टाकला हे तेव्हा कळले नाही आणि आजही ठामपणे सांगता येत नाही. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर एवढे लक्षात ठेवावे.

आठ आरोपी, एकही बॉम्ब टाकणारा नाही

खटला उभा राहिला तो ऑगस्ट स्पाइझ, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर, जॉर्ज एंगेल, लुई लिंग आणि आपले हे तिघे, अशा आठ अराजकवाद्यांवर, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्यांवर. आरोप डेगनच्या खुनाचा. यांच्यापैकी कुणी स्वतः बॉम्ब फेकला, असा शाबीत करण्याजोगा पुरावा सरकारपाशी नव्हता. सरकारी वकील ज्युलियस ग्रिनेलचे म्हणणे असे की या लोकांनी भाषणांतून आणि छापील मजकुरातून हिंसेची चिथावणी दिली, त्या चिथावणीने कुणीतरी बॉम्ब टाकला, म्हणून खुनात हे सामील.

वकिली करणाऱ्याला इथली फट लगेच दिसते. चिथावणी दिली म्हणून खुनाचा दोष लावायचा, तर चिथावणी आणि खुनी यांच्यामधला दुवा दाखवावा लागतो. खुनीच ठाऊक नसेल, तर त्याने यांचे भाषण ऐकले होते की नव्हते, लेख वाचला होता की नव्हता, हे कशावरून ठरवणार? न्यायाधीश जोसेफ गॅरीलाही ही अडचण दिसत होती. नव्याने खटला चालवण्याचा अर्ज फेटाळताना त्याने सरळ सांगितले की अशा खटल्याला कायद्याच्या पुस्तकांत पूर्वीचा दाखला नाही. तरी निकाल कायम राहिला. सात जणांना फाशी, नीबला पंधरा वर्षे.

वरिष्ठ न्यायालयांत काही हाती लागले नाही. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १८८७ मध्ये निकाल उचलून धरला. वॉशिंग्टनमधल्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरच्या सुरुवातीला हात झटकले. तेव्हाच्या गव्हर्नरने, रिचर्ड ओगल्सबीने, १० नोव्हेंबरला फील्डन आणि श्वाब यांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्याच दिवशी लिंगने कोठडीत स्फोटक तोंडात धरून जीव दिला. ११ नोव्हेंबरला चौघे फासावर गेले.

माणूस

ऑल्टगेल्डचा जन्म १८४७ चा, जर्मनीतल्या नासाऊ प्रांतातला. काही महिन्यांचा असताना आईबाप ओहायोत आले. बाप शेतकरी, घरी पैसा कमी, शिक्षणाची आवड त्याहून कमी. सोळाव्या वर्षी पोरगा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने शंभर दिवसांच्या पलटणीत भरती झाला आणि तापाने फणफणून परतला. पुढे चालत-भटकत पश्चिमेकडे गेला. रेल्वेच्या रुळांवर मजुरी केली, मिसूरीत शाळामास्तर झाला, फावल्या वेळात कायदा वाचला. १८७४ मध्ये शेतकऱ्यांच्या चळवळीच्या जोरावर अँड्र्यू काउंटीचा सरकारी वकील म्हणून निवडून आला, आणि वर्षभरातच राजीनामा देऊन शिकागो गाठले. खिशात फारसे काही नव्हते.

शिकागोने त्याला श्रीमंत केले. वकिलीपेक्षा जमिनींच्या व्यवहारांत जास्त. हा गृहस्थ कुणी झोळीवाला क्रांतिकारक नव्हता. डिअरबॉर्न रस्त्यावर त्याने युनिटी बिल्डिंग नावाची सोळा मजली इमारत बांधली, आणि त्या काळी सोळा मजले म्हणजे गगनचुंबीच. १८८४ मध्ये मात्र त्याने तुरुंगव्यवस्थेवर एक छोटे पुस्तक काढले. गुन्हेगार बहुतांशी गरिबीतून घडतो आणि आपली यंत्रणा त्याला सुधारण्याऐवजी आणखी चिरडते, हा त्याचा गाभा. क्लॅरन्स डॅरो नावाच्या तरुण वकिलाने ते ओहायोत वाचले आणि शिकागोला आल्यावर लेखकाची गाठ घेतली. मैत्री आयुष्यभर टिकली.

१८८६ मध्ये तो कुक काउंटीच्या (शिकागो याच काउंटीत येते) सुपीरियर कोर्टाचा न्यायाधीश झाला, म्हणजे गॅरीचा सहकारीच. फाशीच्या काळात त्याने जाहीरपणे तोंड उघडले नाही. त्याचे चाहते हे सांगायचे टाळतात. मला वाटते ते टाळू नये. तेव्हा गप्प बसलेला माणूस सहा वर्षांनी एवढे का बोलला, हाच तर प्रश्न आहे. माझे उत्तर साधे आहे : १८८७ मध्ये त्याच्यासमोर प्रकरण नव्हते, १८९३ मध्ये होते. कागद समोर आले की ते पूर्ण वाचायचे, ही त्याची सवय. चळवळीतल्यांना ती चिडवणारी वाटे.

नोव्हेंबर १८९२ मध्ये तो गव्हर्नर म्हणून निवडून आला. इलिनॉयचा पहिला परदेशात जन्मलेला गव्हर्नर, आणि यादवी युद्धानंतरचा पहिला डेमोक्रॅट. जानेवारीत शपथ घेतली तेव्हा तो इतका आजारी होता की भाषण दुसऱ्याने वाचले.

फाइल

मित्रांना वाटले होते, शपथ घेतली की पहिल्याच आठवड्यात माफी होईल. महिने गेले. डॅरो वैतागून स्प्रिंगफील्डला गेला. त्याने पुढे आत्मचरित्रात जे लिहिले त्याचा आशय असा : ऑल्टगेल्ड म्हणाला, माझा अभ्यास पुरा झाला की मी ठरवीन, पण सोडायचे ठरवले तर तुम्हाला वाटते तसे कौतुक होणार नाही, त्या दिवसापासून राजकारणात मी मेलो असे समजा.

तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्याला नीट ठाऊक होते. त्याने खटल्याची नोंद मागवून वाचली. कामगार चळवळीतला जॉर्ज शिलिंग हा त्याचा जुना मित्र; पोलिसांनी आधीच्या वर्षांत ज्यांना झोडपले होते, त्यांची प्रतिज्ञापत्रे त्याच्याकरवी गोळा केली. त्याच एप्रिलमध्ये गॅरीने एका प्रतिष्ठित मासिकात लांबलचक लेख लिहून आपल्या खटल्याचे समर्थन केले होते. निकाल देऊन सात वर्षे झाल्यावर न्यायाधीशाने मासिकात कैफियत मांडावी, हे मला तरी विचित्र वाटते. ऑल्टगेल्डला तर आयतेच खाद्य मिळाले.

कारणपत्र

२६ जूनच्या कारणपत्राच्या सुरुवातीलाच ऑल्टगेल्ड आपल्या बाजूच्या साठ हजार लोकांना बाजूला सारतो. शिक्षा पुरेशी झाली, या मुद्द्याबद्दल तो म्हणतो की खटला न्यायाने झाला असेल आणि आरोपी निर्दोष असल्याचे नंतर काही पुढे आले नसेल, तर गव्हर्नरने हात घालायचे कारण नाही. कारण अशा गुन्ह्याला कोणतीही शिक्षा जास्त होत नाही. म्हणजे दयेचे दार त्याने स्वतःच बंद केले. आता एकच वाट उरली : खटल्याची तपासणी.

सगळ्यात भक्कम भाग ज्युरीबद्दलचा आहे. आपल्याकडून ज्युरी जाऊन पन्नासहून जास्त वर्षे झाली, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. नेहमीच्या पद्धतीत नावे पेटीतून चिठ्ठीने निघतात. इथे हेन्री राइस नावाच्या खास बेलिफाला रस्त्यावर पाठवले गेले आणि त्याने स्वतःच्या पसंतीची माणसे धरून आणली. ओटिस फेव्हर या व्यापाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की राइस त्याच्यापाशी बढाई मारत होता : हे प्रकरण मी हाताळतोय, ही मंडळी नक्की लटकणार, मी अशीच माणसे आणतोय की आरोपींना ती नाकारण्यात आपले हक्क संपवावे लागतील.

हे हक्क कसे संपतात ते पाहा. प्रत्येक आरोपीला कारण न देता वीस उमेदवार नाकारता येत; आठ जणांचे मिळून १६०. बाकीच्यांबाबत कारण दाखवून न्यायाधीशाला पटवावे लागे. बोलावलेले उमेदवार ९८१, निवड तीन आठवडे चालली. एक जण आला, तो मेलेल्या पोलिसांपैकी एकाचा नातेवाईक. आपले मत बनले आहे, असे त्याने कबूल केले. गॅरीने त्याला विचारले, पुरावा ऐकून प्रामाणिकपणे निर्णय देऊ शकाल का? तो म्हणाला, देऊ शकेन. मग चालेल, असा निर्वाळा मिळाला, आणि बचावाच्या वकिलांना १६० पैकी एक हक्क त्याच्यावर खर्चावा लागला. असे पुन्हा पुन्हा झाले. १८७४ चा राज्याचा कायदा वर्तमानपत्र वाचून मत बनवलेल्या माणसालाही ज्युरीत बसू देत होता, पण तो निःपक्षपाती राहू शकेल याची न्यायाधीशाला खात्री पटायला हवी होती. इथे न्यायाधीशच खात्री वदवून घेत होता. शेवटी बसलेल्या बारांत विक्रेते होते, कारकून होते, कारखान्यातला कामगार एकही नव्हता.

नीबचे प्रकरण ऑल्टगेल्डने थोडक्यात आटोपले, कारण त्यात वाद घालण्यासारखे फार नव्हते. नीब यीस्टचा धंदा करी. त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा असा की कामगारांच्या जर्मन वर्तमानपत्रात त्याचा दोन डॉलरचा हिस्सा होता आणि घरी लाल झेंडा व बंदूक सापडली. महापौर हॅरिसन आणि शहराचा वकील या दोघांनीही लिहून दिले की नीबविरुद्ध आपली केस नाही, असे ग्रिनेल स्वतःच त्यांना खटल्याच्या वेळी म्हणाला होता. पण एकाला सोडले तर ज्युरीच्या मनावर बाकीच्यांच्या बाबतीत परिणाम होईल, म्हणून सोडले नाही. तुरुंगात असताना नीबची बायको वारली.

इथपर्यंत कारणपत्र निकालपत्रासारखे आहे. पुढे त्याचा तोल जातो, असे मला वाटते. बॉनफिल्डने १८८५ च्या ट्रामगाड्यांच्या संपात निरपराध लोकांना कसे बडवले, ते सांगून ऑल्टगेल्ड निष्कर्ष काढतो की बॉम्ब बहुधा सूडापोटी कुणीतरी एकट्याने टाकला, आणि पोलिसांच्या मृत्यूला खरा जबाबदार बॉनफिल्डच. हे शक्य आहे. पण बॉम्ब टाकणारा सापडल्याशिवाय दुवा दाखवता येत नाही, असे कोर्टाला सुनावणाऱ्या माणसाने त्याच अज्ञात माणसाच्या मनात शिरून हेतू सांगावा, हे बरे दिसत नाही.

शेवटचा भाग गॅरीवर आहे. खटला दुष्ट आकसाने चालवला, न्यायाधीशाचे शेरे ज्युरीला भडकवणारे होते, वगैरे आरोप तो एकेक मांडतो. नोंदीवरून ते खरे दिसतात, असे म्हणतो. आणि मग लिहितो की हे वैयक्तिक स्वरूपाचे आहे, त्याची इथे गरज नाही, म्हणून अधिक बोलत नाही. मी काही बोलत नाही असे म्हणत सगळे बोलून घेण्याची ही तऱ्हा कोणत्याही बार रूममध्ये ओळखू येईल. ज्युरी आणि नीब एवढ्यावर तो थांबला असता, तरी सुटकेला कारण पुरेसे होते.

पूर्ण माफीची कागदपत्रे राज्य सचिवाच्या कचेरीत तयार झाली. ती लिहून काढणारा तरुण कारकून ब्रँड व्हिटलॉक, जो पुढे टोलेडो शहराचा महापौर झाला. कागद घेऊन जोलिएटला कोण गेला, तर ई. एस. ड्रायर नावाचा बँकर. आठही जणांवर आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्युरीत तो बसला होता, आणि नंतरची वर्षे त्याने त्यांच्या सुटकेसाठी खटपट करण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी व्हिटलॉकला घोड्यावर बसलेला गव्हर्नर रस्त्यात भेटला. आता वादळ उठणार, असे व्हिटलॉक म्हणाल्यावर ऑल्टगेल्डचे उत्तर होते की त्याची तयारी आहे, जे योग्य तेवढेच केले.

वादळ

ते उठले, आणि अपेक्षेहून मोठे. शिकागो ट्रिब्यूनने लिहिले की हा माणूस जन्मानेच नव्हे तर वृत्तीनेही परका आहे, याच्या अंगात अमेरिकन रक्ताचा थेंब नाही. आईच्या कडेवर देशात आलेल्या आणि सोळाव्या वर्षी त्याच देशासाठी बंदूक उचललेल्या माणसाबद्दल हे लिहिले गेले. व्यंगचित्रांत तो मशाल आणि खंजीर घेऊन दिसू लागला. गंमत अशी की ज्या प्रतिष्ठितांनी सुटकेच्या अर्जावर सह्या केल्या होत्या, त्यांतल्या पुष्कळांनीही पाठ फिरवली. त्यांना कैदी सुटलेले चालत होते. आपले कोर्ट चुकले, हे ऐकून घ्यायचे नव्हते. नोव्हेंबरमध्ये गॅरी न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत दणदणीत मतांनी पुन्हा निवडून आला.

गव्हर्नर म्हणून इतर कामे चालूच होती. त्याच उन्हाळ्यात कारखाना तपासणीचा कायदा झाला, बालमजुरीला आळा घालायला फ्लॉरेन्स केली मुख्य निरीक्षक नेमली गेली. पुढच्या वर्षी रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने गव्हर्नरने न मागताच शिकागोत लष्कर उतरवले. ऑल्टगेल्डने राज्यघटनेचा आधार देत निषेधाच्या तारा पाठवल्या. घटनेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे होते, पण लोकांनी ते वाचले ते हेमार्केटच्या चष्म्यातून : अराजकवाद्यांचा गव्हर्नर, दुसरे काय बोलणार?

किंमत नेमकी किती?

माफीने ऑल्टगेल्डचे राजकारण संपवले, असे सर्रास लिहिले जाते, आणि त्याने स्वतःच डॅरोला तसे भाकीत केल्यामुळे ते पटतेही. आकडे पाहिले की चित्र इतके सरळ राहत नाही. माफीनंतर तीन वर्षांनी, १८९६ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात पक्षाचा जाहीरनामा घडवण्यात सगळ्यात वजन याचे होते. परदेशात जन्मल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाची वाट मात्र घटनेनेच बंद होती. त्या वर्षी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तो जॉन टॅनरकडून एक लाखाहून जास्त मतांनी हरला हे खरे. पण त्याच दिवशी इलिनॉयमध्ये त्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन याहून मोठ्या फरकाने हरला, आणि ऑल्टगेल्डला ब्रायनपेक्षा सुमारे दहा हजार मते अधिक पडली. १८९२ मध्ये जिंकताना मिळाली होती, त्याहूनही ती जास्त होती. म्हणजे पराभव मुख्यतः चांदीच्या नाण्याच्या प्रश्नावर (सोन्याबरोबर चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडावीत, या मागणीवर) बुडालेल्या सगळ्या पक्षाचा होता.

माफीची किंमत राज्याबाहेर वसूल झाली. ज्या मतदारांनी त्याला कधी पाहिले नव्हते, त्यांना घाबरवायला त्याचे नाव पुरे होई. ब्रायन म्हणजे ऑल्टगेल्डच्या हातातले बाहुले, असा प्रचार पूर्वेकडे चालला, आणि थिओडोर रूझवेल्टने शिकागोत येऊन त्याला खुन्यांचा पाठीराखा ठरवले. टॅनरच्या शपथविधीला मावळत्या गव्हर्नरने निरोपाचे भाषण करायचा रिवाज होता. त्याला बोलू दिले नाही. युनिटी बिल्डिंगही कर्जापायी हातची गेली. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाला अपक्ष उभा राहून हरला. मग डॅरोने आपल्या कचेरीत भागीदारी दिली आणि ऑल्टगेल्ड पुन्हा वकिली करू लागला. मार्च १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण केल्यावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. गाव होते जोलिएट.

खटल्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. त्या काळच्या कायद्याच्या मापाने खटला इतका वाईट नव्हता, आरोपींपैकी काहींचा बॉम्बशी संबंध होता, असे अलीकडेही मांडले गेले आहे, आणि त्यातले काही मुद्दे गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पण नीबच्या बाबतीत सरकारी वकिलाचे जे शब्द दोन साक्षीदारांनी लिहून दिले, त्यांना समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही.